बँड मोठा व्हायच्या आधी ऐकायचाय ना, मग रेकॉर्डची पाठ वाचा

"नवीन काय ऐकू?" असं कोणी विचारलं की लोक पटकन पाच नावं सांगतात आणि मोकळे होतात, पण नावं दोन महिन्यांत जुनी होतात हो, त्यापेक्षा ती नावं आपली आपल्याला कशी सापडतात हे कळलेलं बरं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. अल्टरनेटिव्ह आणि पंक, रॉकच्या या दोन्ही प्रकारांना चालतं, पंकला तर जास्तच.

आधी गाणी ऐकायच्या ॲपचं बोलू. ॲप वाईट नाहीये, मी पण वापरते, पण त्याचं कामच वेगळं आहे, तुम्ही काल जे ऐकलं त्याच्या आसपासचं ते आज समोर ठेवतं, आणि आसपासचं म्हणजे बहुतेक वेळा हजारो लोकांनी आधीच ऐकून झालेलं. ज्या बँडने परवा चार गाण्यांचा डेमो, म्हणजे पहिलंवहिलं छोटं रेकॉर्डिंग, टाकलाय आणि जेमतेम शंभर जणांनी ऐकलाय त्याच्याबद्दल ॲपला काय माहिती असणार? अशा बँडपर्यंत पोचायचा रस्ता माणसांमधून जातो. कोणी रेकॉर्ड केलं, कोणी छापलं, कोणाच्या आधी स्टेजवर वाजवलं, कोणी विकत घेतलं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बँडच्या मागे धावू नका, बँडच्या आजूबाजूचे लोक ओळखून ठेवा, बँड आपोआप येत राहतात.

एका आवडत्या रेकॉर्डपासून सुरुवात

गेल्या दोनतीन वर्षांतली तुम्हाला मनापासून आवडलेली एकच रेकॉर्ड घ्या. एकच हं. आता तिचं क्रेडिट वाचा, म्हणजे लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) कोणतं, प्रोड्युसर (रेकॉर्डिंग कसं व्हावं हे बघणारा) कोण, मिक्सिंग मास्टरिंग, म्हणजे शेवटी सगळे आवाज जुळवायचं काम, कोणी केलं, आणि आधीची रेकॉर्ड कुठल्या लेबलवर होती. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बँड मोठा झाला की मोठ्या लेबलवर जातो, पण त्याला आधी ज्याने ओळखलं ते छोटं लेबल मागेच राहतं आणि पुढचे बँड तिथेच तयार होत असतात.

उदाहरण घेऊन बघू. स्काउल नावाचा बँड आहे, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा, २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांचा दुसरा अल्बम डेड ओशन्स या लेबलवर आला आणि खूप लोकांनी तेव्हा पहिल्यांदा त्यांचं नाव ऐकलं. पण त्यांचा पहिला अल्बम २०२१ चा आहे आणि तो फ्लॅटस्पॉट रेकॉर्ड्सवर आहे. मग फ्लॅटस्पॉटचं पान उघडायचं. तिथे काय दिसतं तर लॉस एंजेलिसचा झुलू, बाल्टिमोरचा एंड इट, आणि थेट सिडनीचा स्पीड, ज्यांनी हार्डकोर, म्हणजे पंकचाच अजून आक्रमक प्रकार, त्या गाण्यात मध्येच बासरी आणली आणि ती इतकी फिट बसते की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं थांबवून परत मागे नेलं. स्पीडचा २०२४ चा अल्बम ऑस्ट्रेलियात लास्ट राइड रेकॉर्ड्सने काढला. झालं, आता तुमच्या हातात ऑस्ट्रेलियाचं एक लेबल आलं, ज्याचं नाव दहा मिनिटांपूर्वी तुम्हाला माहीतही नव्हतं. एका रेकॉर्डवरून तीन बँड, दोन लेबलं आणि तीन शहरं, आणि यात कुठेही कुणाची टॉप टेनची यादी लागली नाही.

आता त्याच रेकॉर्डचा दुसरा धागा पकडा. स्काउलचा तो अल्बम विल यिपने प्रोड्यूस केलाय, पेनसिल्व्हेनियातल्या स्टुडिओ फोरचा माणूस. त्याचं बाकीचं काम बघितलं की टर्नस्टाइलचा २०१८ चा अल्बम दिसतो, मॅनेक्विन पुसीचा २०१९ चा दिसतो, त्याच्याही आधी टायटल फाइटचे दोन अल्बम दिसतात. हे सगळे बँड एकमेकांसारखे वाजवत नाहीत, पण ड्रमचा आवाज छातीवर कसा आदळतो, गाणारा किती पुढे ठेवलाय, यात एक नातं ऐकू येतं, आणि मग "मला नक्की काय आवडतं" हे शब्दांत सांगता यायला लागतं. प्रोड्युसरवरून शोधायचा हाच खरा फायदा.

लंडनमध्ये असंच एक नाव आहे डॅन केरी, त्याचं लेबल स्पीडी वंडरग्राउंड. तिथे सिंगल, म्हणजे सुटं सोडायचं एखादं गाणं, एका दिवसात रेकॉर्ड करायचं अशी पद्धत. ब्लॅक मिडीचं पहिलं सिंगल २०१८ मध्ये तिथूनच आलं, स्क्विडपण त्याच वर्षी तिथे होते, आणि फॉन्टेन्स डी.सी. चा पहिला अल्बम, वेट लेगच्या पहिल्या अल्बमचा बराचसा भाग, हेही डॅन केरीचंच काम. २०१८ मध्ये ज्याने फक्त डॅन केरीचं काम फॉलो केलं असेल त्याला पुढच्या चार वर्षांचं बरंच ब्रिटिश आणि आयरिश गिटार संगीत घरबसल्या कळलं असतं.

लेबल किती फॉलो करायची? माझ्या मते आठ ते दहा, त्याहून जास्त नको, कारण मग परत ढीगच होतो. त्यात दोनतीन मोठी असू देत, एपिटाफ, सब पॉप, पार्टिझन वगैरे, आणि बाकीची छोटी, फ्लॅटस्पॉट, डेन्व्हरचं कन्व्हल्स, लंडनचं ला व्हिदा एस उन मुस, सिॲटलचं आयर्न लंग अशी. छोट्या लेबलची आवड ठरलेली असते, एका माणसाचा किंवा दोन मित्रांचा कान असतो तो. तुमचा कान त्यांच्याशी जुळला की त्यांनी काढलेली कुठलीही रेकॉर्ड न ऐकता उचलायची हिंमत येते.

पोस्टर खालून वर वाचा

शोच्या पोस्टरवर वरचं मोठं नाव आपल्याला माहीतच असतं, काम खालच्या बारीक अक्षरांचं आहे. पंकमध्ये सपोर्टला, म्हणजे मुख्य बँडच्या आधी, कोण वाजवणार हे पुष्कळदा मुख्य बँड स्वतःच ठरवतो, म्हणजे ती त्यांनी मनापासून केलेली शिफारस असते.

लिंडा लिंडाज घ्या. लॉस एंजेलिसच्या मुलींचा हा बँड जगाला कळला मे २०२१ मध्ये, सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभं राहून वाजवतानाचा व्हिडिओ सगळीकडे पसरला तेव्हा, सगळ्यात धाकटी ड्रमवरची मुलगी तेव्हा दहा वर्षांची, आणि त्याच महिन्यात एपिटाफने त्यांना करारबद्ध केलं. सगळे म्हणाले एका रात्रीत झालं. पण २०१९ मध्ये बिकिनी किल, नव्वदच्या दशकातला गाजलेला पंक बँड, परत एकत्र आले तेव्हा लॉस एंजेलिसच्या शोमध्ये त्यांच्या आधी वाजवायला याच मुली होत्या! दोन वर्षं आधी! ज्याने ते पोस्टर नीट वाचलं त्याला व्हिडिओची वाट बघावी लागली नाही. पुढे २०२४ मध्ये त्या ग्रीन डेच्या स्टेडियम टूरवर सगळ्यात आधी वाजवत होत्या, आणि तिथेही बरेच लोक पहिलाच बँड म्हणून उशिरा आत गेले असतील.

म्हणून आवडत्या बँडची टूर जाहीर झाली की तारखा नंतर बघा, आधी सपोर्टची नावं लिहून घ्या. आपल्या शहरात शो नसला तरी काही बिघडत नाही, नावं तर फुकट मिळतायत. फेस्टिव्हलचंही तसंच, फ्लोरिडात गेन्सव्हिलला २००२ पासून द फेस्ट होतो, त्याची यादी प्रचंड लांब असते, त्यात खालच्या दोन ओळी घेऊन एका दुपारी बसलात तर महिनाभराचं ऐकायला मिळतं.

स्प्लिट रेकॉर्ड पण याच प्रकारातली. एका बाजूला एक बँड, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकासाठी घेता आणि दुसरा फुकट कळतो. पूर्वी कॉम्पिलेशन सीडी, म्हणजे बऱ्याच बँडची एकेक गाणी असलेली, हेच काम करायची, एपिटाफची पंक-ओ-रामा मालिका १९९४ मध्ये सुरू झाली आणि कित्येक जणांचं पंक तिथूनच चालू झालं.

बँडकॅम्पचं पान कसं वाचायचं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण पंकमधलं नवीन काम सगळ्यात आधी इथेच येतं. बँडकॅम्प ही संगीत ऐकायची आणि विकत घ्यायची साइट, २००८ ची, बँड स्वतःच आपलं संगीत टाकतो, मध्ये कोणी नाही.

अल्बमचं पान उघडल्यावर लोक नुसतं प्ले दाबतात आणि बंद करतात. थोडं खाली या. तिथे ज्यांनी तो अल्बम विकत घेतलाय त्यांचे छोटे छोटे फोटो दिसतात, काहींनी दोन ओळी लिहिलेल्या असतात. ज्याने नीट काहीतरी लिहिलंय, म्हणजे नुसतं "भारी" नाही तर कुठलं गाणं आणि का आवडलं ते, त्याच्या फोटोवर क्लिक करा. त्या माणसाने आजवर विकत घेतलेलं सगळं समोर येतं. लाइक केलेलं नाही, पैसे देऊन घेतलेलं, हा फरक फार मोठा आहे, कारण माणूस लाइक कशालाही करतो, पैसे काढताना विचार करतो. त्याच्या यादीत तुम्हाला आधीच आवडणाऱ्या चारपाच रेकॉर्ड दिसल्या तर समजा सोनं सापडलं, त्याला फॉलो करून टाका, तो पुढे जे घेईल ते तुम्हाला कळत राहील. मी असे तीन जण फॉलो करते, एकालाही ओळखत नाही, पण गेल्या वर्षी मला आवडलेल्या निम्म्या रेकॉर्ड त्यांच्याकडूनच आल्या.

मग टॅग. प्रत्येक पानाच्या तळाशी असतात, आधी संगीताच्या प्रकारांची नावं, पंक, पोस्ट-पंक, स्क्रीमो, डी-बीट, एग पंक, आणि शेवटी शहराचं नाव. शहराचा टॅग लोक विसरतात आणि तोच सगळ्यात कामाचा. मेलबर्नचा एक बँड आवडला तर मेलबर्नच्या टॅगवर जाऊन पंक निवडा आणि नवीन आधी असं लावा. नवीन बँड एकटा उगवत नाही ना, त्याच गावात त्याच खोलीत वाजवणारे अजून चार असतात, आणि पुष्कळदा एकच ड्रमर तिघांत असतो.

एग पंक कळलं नसेल तर एवढंच सांगते, बारीक किरकिरा गिटारचा आवाज, खेळण्यासारखा सिंथेसायझर, प्रचंड वेग, घरीच केलेलं रेकॉर्डिंग. इंडियानाच्या कोनहेड्सपासून ही लाट आली असं मानतात, आणि नॅशव्हिलच्या स्नूपरने २०२३ मध्ये थर्ड मॅन रेकॉर्ड्सवर अल्बम काढला तेव्हा ती बऱ्याच लोकांपर्यंत पोचली. सगळ्यांना आवडेलच असं नाही, मला आवडतं.

आणि "डेमो" हा शब्द दिसला की घाबरायचं नाही, तो आधी उघडायचा. पंकमध्ये डेमो म्हणजे कच्चा माल नाही, तेच बँडचं पहिलं प्रकाशन असतं, चारपाच गाणी, पुष्कळदा दहा मिनिटांच्या आत संपतं, आणि कधीकधी बँडने पुढे कितीही मोठा स्टुडिओ घेतला तरी त्या डेमोतली धग परत येत नाही.

व्हिडिओ बघताना टीशर्ट वाचा

स्टुडिओतलं रेकॉर्डिंग फसवू शकतं, लाइव्ह सेट नाही. हार्डकोरसाठी हेट फाइव्ह सिक्स हे चॅनल बघा, पूर्ण सेट असतात, प्रेक्षकांसकट. अल्टरनेटिव्हसाठी सिॲटलचं केईएक्सपी रेडिओ स्टेशन आणि शिकागोचं ऑडिओट्री, तिथे आवाज स्वच्छ आणि कॅमेरा शांत.

बघताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, पुढच्या रांगेतले लोक शब्द म्हणतायत का. बँडचा अजून अल्बम नाही, फक्त डेमो आहे, आणि तरी वीस जण स्टेजवर चढून माइक ओढून शब्दन् शब्द म्हणतायत, तर तो बँड वर येणार, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त खरं वाटतं. दुसरं, व्हिडिओ थांबवून बँडच्या अंगावरचे टीशर्ट वाचा. पंक बँड मित्रांच्या बँडचे टीशर्ट घालतात, अशी जुनी रीत आहे. मागे एकदा एका सेटमध्ये बास वाजवणाऱ्या मुलीच्या टीशर्टवर काटेरी अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, अर्धं गिटारच्या पट्ट्याखाली झाकलेलं, मी तो व्हिडिओ चार ठिकाणी थांबवून एकेक अक्षर जुळवलं, नाव मिळालं, आणि त्या नावाचा सहा मिनिटांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, पुढचे दोन आठवडे माझ्या कानात होता.

शुक्रवार

१० जुलै २०१५ पासून जगभर नवीन अल्बम शुक्रवारी येतात, त्याआधी अमेरिकेत मंगळवारी आणि ब्रिटनमध्ये सोमवारी यायचे. स्पॉटिफायची रिलीज रडार ही प्लेलिस्टही शुक्रवारीच बदलते, आणि तुम्ही ज्यांना फॉलो केलंय त्यांचं ती उचलते, म्हणून आवडला की फॉलोचं बटण दाबायचा कंटाळा करू नका. पण हे वेळापत्रक मोठ्यांचं झालं, छोट्या बँडचा डेमो मंगळवारी रात्री पण येतो, त्यासाठी लेबलची मेल चालू ठेवा.

माझं साधं आहे. शुक्रवारी फक्त यादी करते, ऐकत नाही. रविवारी सकाळी दीड तास बसते, यादीतल्या सहासात रेकॉर्डची पहिली दोन गाणी आणि मधलं एक असं ऐकते. मधलं का, तर सिंगल म्हणून आधी सोडलेली गाणी बहुतेक वेळा सुरुवातीला असतात, ती निवडूनच सोडलेली असतात, मधलं गाणं उघडं असतं, तिथे बँडचा खरा जीव कळतो. त्यातल्या दोन ठेवते, बाकीच्या सोडून देते. पूर्वी मी सगळं सेव्ह करायचे, चारशे गाण्यांची प्लेलिस्ट झाली आणि त्यातलं एकही गाणं धड आठवेना, तेव्हापासून दोनच.

ठेवलेल्या दोन मात्र पूर्ण ऐकायच्या, सलग, आणि हातात फोन न घेता. पंकमध्ये हे अवघड नाही, क्योटोच्या ओटोबोके बीव्हरचा २०२२ चा अल्बम १८ गाण्यांचा आहे आणि २१ मिनिटांत संपतो. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवा. लँब्रिनी गर्ल्सचा जानेवारी २०२५ चा पहिला अल्बम मला पहिल्यांदा नुसता आरडाओरडा वाटला, शब्द वाचले तेव्हा कळलं की किती नेमकं आणि किती रागाने लिहिलंय, आता तो माझ्या आवडत्यांपैकी आहे. आवाज आवडला नाही म्हणून पहिल्याच मिनिटाला बंद करू नका, ओरडणाऱ्या आवाजाची कानाला सवय लागायला दोनतीन वेळा ऐकावं लागतं.

महिन्याला किती लोक ऐकतात तो आकडा बघून काही ठरवू नका. टर्नस्टाइल २०१० पासून वाजवतायत, बाहेरच्या जगाला ते कळले २०२१ च्या अल्बमने, मधली अकरा वर्षं ते काही कमी चांगले नव्हते. आणि आता आकडा खोटाही असतो, २०२५ मध्ये द व्हेल्व्हेट संडाउन नावाचा "बँड" दहा लाखांच्या वर श्रोते गोळा करून बसला आणि नंतर कळलं की ते एआयने बनवलेलं होतं. नवीन नाव दिसलं की तीन गोष्टी तपासा, कुठे लाइव्ह वाजवलंय का, रेकॉर्डिंग कोणी केलं ते लिहिलंय का, दुसऱ्या कुठल्या बँडने त्यांचं नाव घेतलंय का. तिन्हीला उत्तर नसेल तर सोडा.

वाचायचं असेल तर पंकची दोन नियतकालिकं, मॅक्सिमम रॉकनरोल, १९८२ ते २०१९ छापील निघायचं, आता वेबवर परीक्षणं येतात, आणि रेझरकेक, जे २००१ पासून चालू आहे. तिथे परीक्षण कोणी लिहिलंय ते नाव लक्षात ठेवा. कायम तुमच्या उलट मत देणारा समीक्षकही कामाचा, त्याला जे आवडत नाही ते तुम्ही ऐकायचं.

पैसे द्या, आणि विचारा

२०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे आपण ज्या बँडबद्दल बोलतोय त्यांच्या हातात तिथून काहीच येत नाही. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि टीशर्ट, टेप वगैरेतले १० टक्के साइट घेते, आणि मार्च २०२० पासून अधूनमधून बँडकॅम्प फ्रायडे असतो, त्या दिवशी साइट आपला वाटा सोडून देते. मी घ्यायच्या रेकॉर्ड साठवून ठेवते आणि त्या दिवशी एकदम घेते. ज्यांनी "वाटेल ती किंमत द्या" असं ठेवलंय त्यांनाही शून्य टाकू नका, थोडे तरी टाका, तालमीच्या खोलीचं भाडं त्यातूनच जातं.

एक वही ठेवा, फोनमधली चालेल, बँड, शहर, लेबल आणि कुठून कळलं एवढे चारच रकाने. चौथा रकाना सोडू नका, सहा महिन्यांनी उलटून बघितलं की कुठल्या रस्त्याने तुम्हाला चांगलं मिळतं ते दिसतं, मग बाकीचे रस्ते बंद करून टाका, वेळ वाचतो.

आणि शेवटचं, बँडला लिहा. छोटे बँड उत्तर देतात, खरंच देतात. काय आवडलं ते दोन ओळींत सांगा आणि एकच प्रश्न विचारा, तुमच्या गावात अजून कोण वाजवतंय? मी एका डेमोखालच्या पत्त्यावर असं विचारलं होतं, दुसऱ्या दिवशी ड्रमरचं उत्तर आलं, पाच नावं, प्रत्येकासमोर एक ओळ की हे कसं वाजवतात. त्यातल्या दोघांचं तर अजून रेकॉर्डिंगच झालं नव्हतं, एकाचा फक्त फोनवर काढलेला तालमीचा व्हिडिओ होता, मागे गादी भिंतीला टेकवून ठेवलेली आणि गाणारी मुलगी दोन गाण्यांच्या मध्ये हसतेय, तो मी अजून जपून ठेवलाय.